काडावर बुरशी वाढवताना खरा खेळ पाण्याचा, माझा अनुभव

शेतातल्या काडीकचऱ्यावर बुरशी वाढवून सेल्युलोज (वनस्पतींच्या तंतूंमधला मुख्य घटक, साखरेच्या साखळ्यांचा) फोडणारं एन्झाइम काढायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी लिहितेय, कारण जिथे बघावं तिथे कोणती बुरशी घ्यायची याचीच चर्चा आणि माझं घोडं अडलं होतं ते ओलाव्यापाशी.

मी घेतलं गव्हाचं काड आणि ट्रायकोडर्मा रीसाय. ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सैन्याच्या सुती कापडावर सापडली, म्हणजे सेल्युलोज फोडण्यात एकदम तरबेज, पण काडातलं सेल्युलोज उघडं नसतं ना, लिग्निनमध्ये (काडाला कडकपणा देणारा चिवट घटक) गुंतलेलं असतं आणि लिग्निन हिला जमत नाही, ते काम धिंगरीसारख्या बुरशीचं. म्हणून काड बारीक करून सौम्य अल्कलीत भिजवलं, धुऊन धुऊन पीएच खाली आणला आणि वर थोडा कोंडा मिसळला, नुसत्या काडात नायट्रोजन फारच कमी असतो.

आता पाणी. सॉलिड स्टेट फर्मेंटेशनमध्ये (म्हणजे द्रवात नाही तर ओलसर घन मालावर बुरशी वाढवणं) काड ओलं हवं पण मोकळं पाणी दिसता कामा नये, साधारण ६५ ते ७० टक्के ओलावा. मूठभर काड घट्ट पिळलं की बोटांच्या फटीत पाणी चमकलं पाहिजे, धार लागली नाही पाहिजे. धार लागली तर कणांमधली हवा जाते, बुरशीला ऑक्सिजन मिळत नाही आणि बॅक्टेरिया आधी ताबा घेतात, मग आंबूस घाण वास सुटतो. आणि हो, स्पोअर (बुरशीचे बीजाणू) ज्या पाण्यातून घालतो ते पाणी पण या हिशोबात धरायचं, हे कोणी सांगतच नाही!

१२१ डिग्रीला ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करणं), पूर्ण गार झाल्यावर स्पोअर, मग २८ ते ३० डिग्रीला ठेवणं, हे सगळं सरळ आहे. थर मात्र पातळच पसरा. बुरशी वाढताना स्वतः उष्णता सोडते आणि काडातून ती बाहेर पडत नाही, जाड थरात वरून छान पांढरी जाळी दिसते पण मधे हात घातला तर गरम आणि काड तसंच कोरं, तिथे वाढच नाही.

एन्झाइम पीएच ४.८ च्या सायट्रेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) काढलं आणि डीएनएस टेस्ट (सुटलेली साखर रंगावरून दाखवणारी) लावली, पिवळ्याचा लालसर तपकिरी रंग झाला तेव्हा जाम आनंद झाला, म्हणजे सेल्युलोज तुटून साखर सुटतेय. फक्त ट्रायकोडर्मामध्ये बीटा ग्लुकोसायडेज हे शेवटच्या टप्प्याचं एन्झाइम कमी पडतं, त्यामुळे बरीचशी साखर सेलोबायोजवरच (दोन ग्लुकोज जोडलेली साखर) अडकते आणि तीच साखर पुढे एन्झाइमलाच रोखते. त्यासाठी आता ॲस्परजिलस नायजर वेगळ्या ट्रेमध्ये वाढवून दोन्ही अर्क एकत्र करतेय. ते करताना मास्क लावाच, काळे स्पोअर भयंकर उडतात.