पानगळीचे अमूर्त फोटो: बामणोली आणि वासोट्याचं जंगल

पानगळीचे फोटो काढायला साताऱ्याकडे ऑक्टोबरात जावं का, असं विचारणाऱ्यांना पहिलं उत्तर: जाऊ नका. ऑक्टोबरात कास-बामणोलीचा सगळा पट्टा हिरवागार असतो. परदेशी फोटोंमुळे शरद ऋतू आणि लाल-पिवळं जंगल ही जोडी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. आपल्याकडची झाडं मात्र थंडी पडली म्हणून नव्हे, तर जमिनीतलं पाणी आटायला लागलं म्हणून पानं टाकतात. त्यामुळे आपली पानगळ येते शिशिरात, माघ-फाल्गुनात. आणि ती एकदम येत नाही. एक झाड उघडं पडतं, शेजारचं जांभूळ हिरवंच असतं आणि पलीकडच्या पांगाऱ्याला पानाऐवजी थेट फूल येतं.

त्यामुळे डोंगरच्या डोंगर एका रंगात रंगलेला, असं दृश्य इथे मिळत नाही. मिळतात त्या रेषा, पोत आणि मधूनच एखादा तांबडा ठिपका. माझं ठाम मत आहे की आपल्या पानगळीला निसर्गदृश्याची चौकट मानवत नाही, तिला अमूर्त फोटोच शोभतो, म्हणजे वस्तू ओळखू येण्यापेक्षा नुसते रंग, रेषा आणि पोत दिसणारा. हेच करून पाहायला आम्ही काही मित्र फेब्रुवारीत बामणोलीला गेलो होतो.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे बामणोली साधारण ३५ ते ४० किलोमीटर. एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. पहाटेचा उजेड हवा असेल तर स्वतःची गाडी न्या किंवा आदल्या रात्री बामणोलीत मुक्काम करा. मी मुक्कामच सुचवेन. गावात घरगुती राहायची सोय होते, तळ्याकाठी तंबूही मिळतात. कासचं पठार या दिवसांत वाळलेल्या गवताचं असतं, फुलांच्या गर्दीचा मागमूस नाही. आम्ही तिथे फार थांबलो नाही. कास तलावाभोवतीची झाडी मात्र सदाहरित आहे. पानगळ नसली तरी तिथल्या काळपट हिरव्यात एखादं पिकलं पान असं उठून दिसतं की थांबावंच लागतं.

बामणोलीला पोचल्यावर खरी मजा पाण्यापासूनच सुरू झाली. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय फेब्रुवारीत उतरायला लागलेला असतो. पाणी जसं खाली जातं तशा काठावर तांबड्या मातीच्या आडव्या पट्ट्या उघड्या पडतात. खाली पाणी, वर माती, त्यावर वाळकं गवत, त्यावर झाडीची करडी-हिरवी रेघ. बोटीतून जाताना शटर (कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो ते) १/८ सेकंदावर ठेवून कॅमेरा बोटीच्याच दिशेला आडवा फिरवला की तपशील पुसले जातात आणि उरतात नुसते रंगांचे थर. नागपुरात जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे कॅनव्हासवर रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगांचे थर चढवायचे आणि काढायचे. त्यांची चित्रं पाहिली असतील तर या काठावर काय शोधायचं ते वेगळं सांगावं लागणार नाही. बोट हलत असल्यामुळे हात सरळ रेषेत राहत नाही, म्हणून खाली बसून कोपरं पोटाशी घट्ट धरा. सकाळी पाण्यावर धुकं असेल तर या थरांना मऊपणा येतो. ऊन चढलं की पाणी चमकायला लागतं आणि ही चित्रं संपतात.

जलाशयापलीकडच्या वासोटा किल्ल्याला जायचं तर बामणोलीतच वनखात्याची परवानगी काढावी लागते. हा भाग कोयना अभयारण्यात येतो आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. ओळखपत्र जवळ ठेवा. कॅमेऱ्याचं शुल्क लागतं का, तेही तिथेच विचारा. ड्रोन घरी ठेवा. प्लास्टिकच्या वस्तू मोजून घेतात आणि परतताना तपासतात, तेव्हा खाऊ कापडी पिशवीत किंवा डब्यात न्या. बोट अख्खीच ठरवावी लागते, त्यामुळे गट असला की परवडते. तासाभराहून जास्त प्रवास आहे आणि संध्याकाळच्या आत परतायचं बंधन आहे. म्हणजे जंगलात हातात येतात ते तास थोडे. गडाचा माथा आणि फोटो दोन्ही एका दिवसात नीट होत नाही. गडावरच्या बाबू कड्याचं दृश्य विलक्षण आहे, ते जरूर पाहा, पण त्यासाठी वेगळा दिवस काढा. आम्ही गडाच्या पायथ्याला, मेट इंदवलीला उतरून ओढ्याच्या आसपास आणि चढाच्या पहिल्या टप्प्यातच रमलो.

ऐनाचं झाड तुम्ही पाहिलं असेलच. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली असते. पानं गळू लागली की जंगलात या खोडांचंच राज्य. इथे मी कॅमेरा खोडाच्या दिशेने, वरून खाली, एका सलग ओघात आणत फोटो काढले. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१६ इतकं बारीक आणि पुढे पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावला की सावलीत शटर १/४ सेकंदाच्या आसपास येतं, आणि या कामाला तेवढंच हवं असतं. १/१५ ला फोटो फक्त हललेला वाटतो, एक सेकंदाला सगळं दूध होतं. खोडाची उभी रेघ शिल्लक राहून पानांचा नुसता रंग पसरावा, ही जागा १/४ ते १/२ च्या मधे सापडते. हात आधी हलवायला सुरुवात करा, मग बटण दाबा आणि आवाज थांबल्यावरही हात पुढे जाऊ द्या. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा, नाहीतर ते तुमच्या हाताशी भांडत बसतं. एफ/१६ ला सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. कासच्या रस्त्यावर धूळ भरपूर, तेव्हा लेन्स बदलायची ती खोलीवरच.

पोलरायझरबद्दल थोडं जास्त बोलतो. लोक तो आकाश निळं करायला वापरतात. जंगलात त्याचं काम वेगळं. पानावर आकाशाची पांढरी चकाकी असते, ती तो कापतो आणि खालचा तांबूस रंग बाहेर येतो. शिवाय दीड-दोन स्टॉप उजेड कमी करतो (साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर आणतो), म्हणजे दुपारपर्यंत नुसता उजेड कमी करणाऱ्या वेगळ्या एनडी फिल्टरशिवाय भागतं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. कॅमेरा तांबडेपणाला दोष समजून काढून टाकतो. डेलाइट किंवा क्लाउडी ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

आमच्याबरोबर गावातले एक वाटाडे मामा होते. बराच वेळ ते नुसते बघत होते. मग म्हणाले, "पाचोळ्याचं काय काढताय एवढं? या इकडं, कुंभ्याची पानं बघा." ओढ्यापलीकडे कुंभ्याचं झाड उभं होतं आणि त्याची अर्धी पानं लाल झालेली. कुंभा गळण्याआधी पेटतो, हे वाचलं होतं, पण उन्हाच्या विरुद्ध बाजूने ते पान पाहिलं तेव्हा खरं पटलं. मोठं, करवतीच्या बारीक कडेचं पान. पात्याचा रंग विटकरी, पण मधली शीर आणि तिच्या फांद्या अजून हिरवट-पिवळ्या. हिरवं द्रव्य मोडून झाड आपला माल परत आत ओढून घेतं, आणि शिरांच्या कडेने ते काम सगळ्यात शेवटी संपतं. एका जागी किड्याने खाल्लेलं भोक, त्याच्याभोवती काळसर कडा. मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून फोटो काढणाऱ्या लेन्सने) फक्त तो कोपरा भरला. तो पानाचा फोटो आहे हे आता कुणी ओळखत नाही, काहींना तो नदीच्या खोऱ्याचा नकाशा वाटतो. ऊन पानाच्या मागून यायला हवं आणि पार्श्वभूमी सावलीतली हवी, बाकी फार काही लागत नाही. वारा असेल तर मित्राला सावलीच्या बाजूने आडोसा धरायला सांगा. पान तोडू नका. खाली पडलेलीही तिथेच ठेवा.

त्याच झाडाभोवती फिरत मी मल्टिपल एक्स्पोजरही केलं, म्हणजे एकाच चौकटीत एकावर एक अनेक फोटो. खोड प्रत्येक वेळी चौकटीच्या मधोमध ठेवायचं, दोन पावलं सरकायचं, पुढचा फोटो. खोड टिकून राहतं आणि भोवतालचं जंगल विरघळतं. कॅमेऱ्यात अ‍ॅव्हरेज हा पर्याय निवडा, म्हणजे उजेड साठत जाऊन फोटो पांढरा पडत नाही. सोय नसेल तर सुटे फोटो काढून घरी एकावर एक चढवा. मोबाइलवाल्यांनीही मागे राहू नये. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर त्याला लाँग एक्स्पोजर करता येतं, वाऱ्यात हलणाऱ्या फांद्यांना ते छान लागू पडतं. अँड्रॉइडमध्ये प्रो मोड असला तर शटर हाताने लावता येतं.

आता जंगलाबद्दल. वाळक्या पाचोळ्यावरून पाय चिखलाइतकाच सरकतो, उतरताना तर जास्तच. बुटाचे तळवे खाचांचे हवेत आणि एक काठी हवी. काठीचा दुसरा उपयोग महत्त्वाचा: मॅक्रोसाठी जमिनीवर टेकण्याआधी पाचोळा काठीने हलवा. या जंगलात पाचोळ्यात मिसळून जाणारे विषारी साप आहेत. उघडा हात पानांत घालू नका. गोचिडही असतात, अंगभर कपडे घाला आणि मुक्कामी आल्यावर तपासा. गवे आणि अस्वलं आहेत, म्हणून फोटोच्या नादात एकट्याने मागे राहायचं नाही, वाट सोडायची नाही. ओढे या दिवसांत भरवशाचे नसतात, माणशी तीन लिटर पाणी घ्या. विडी-काडी तर अजिबात नको. एवढ्या पाचोळ्यात वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

फेब्रुवारी जमला नाही तर मार्चमध्ये जा, फक्त अपेक्षा बदला. तेव्हा पाणी आणखी खाली गेलेलं असतं, म्हणजे काठाच्या पट्ट्या जास्त रुंद. आणि कोशिंब दिसला तर त्याची कोवळी पालवीच लालभडक असते, पानगळीचा रंग वाटावा अशी. ऊन मात्र लवकर तापतं. पहिली बोट पकडा आणि परवानगीचं काम आदल्या दिवशीच विचारून ठेवा. शनिवार-रविवार ट्रेकर्सची गर्दी असते, मधला वार साधला तर ओढ्याकाठी निवांत तास मिळतात.