माझी पहिली लिव्हर ॲक्शन रायफल: कॅलिबर ठरवता ठरवता सहा महिने गेले

कोल्हापूरला कॉलेजात एनसीसीत होते तेव्हा .२२ च्या रायफलीने पाच राऊंड मारले होते. सतरंजीवर पालथं पडायचं, समोर २५ मीटरवर कागद, मागे उस्ताद ओरडतोय श्वास रोखा म्हणून. त्या पाच गोळ्या मी आजपर्यंत विसरले नाहीये. नंतर लग्न, मुंबई, मग टेक्सास, आणि रायफल विषय तिथेच थांबला, कारण इथे एच-वन किंवा एच-फोर व्हिसावर असताना बंदूक विकत घेणं सोडाच, रेंजवर भाड्याने हातात घेणंही फेडरल कायद्यात बसत नाही. काही अपवाद आहेत, वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक, पण मला शिकार करायचीच नव्हती त्यामुळे ते लायसन्स काढणं मनाला पटलं नाही. ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबले. बरीच वर्षं थांबले.

कार्ड आल्यावर आमच्या मराठी मंडळातले एक दादा मला त्यांच्याबरोबर आउटडोअर रेंजवर घेऊन गेले. त्यांच्याकडे लिव्हर ॲक्शन होती. ट्रिगरच्या भोवती जी मोठी कडी असते ना तिच्यात तीन बोटं घालायची, खाली ढकलायची, की बोल्ट मागे येतो, रिकामी केस (काडतुसाचं पितळी कवच) टुणकन बाहेर उडते, जाता जाता घोडा चढतो आणि नळीखालच्या मॅगझीनमधलं पुढचं काडतूस वर उचललं जातं, आणि कडी परत वर आणली की ते चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, जाऊन बसतं. खटक-खटक. बास, परत तयार. सगळं स्वतःच्या हाताने, आणि प्रत्येक वेळी आत काय होतंय ते बोटांना कळतं. मी तिथेच ठरवलं की घेतली तर हीच.

कुठली घ्यायची आणि कुठल्या कॅलिबरमध्ये (म्हणजे कुठल्या मापाच्या काडतुसाची), हे ठरवायला मात्र पुढचे सहा महिने लागले. ते सगळं लिहून काढतेय कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी (आणि जण) विचारतात.

पहिली ओढ थर्टी-थर्टीची होती. लिव्हर ॲक्शन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर विंचेस्टर ९४ येते, जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेली १८९४ ची रायफल, आणि .३०-३० हे तिचं काडतूस, १८९५ मध्ये आलेलं. नावातला पहिला आकडा गोळीची जाडी, इंचाचे शंभरावे भाग, आणि दुसरा त्या काळी बंदुकीची दारू किती ग्रेन (वजनाचं बारीक माप) भरायचे तो. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं, कारण तोपर्यंत ते आकडे म्हणजे मला नुसता गोंधळ वाटत होता. मग .४५-७० म्हणजे काय तेही आपोआप कळलं, १८७३ चं अमेरिकन लष्कराचं काडतूस, ७० ग्रेन काळी दारू. पण हा नियम सगळीकडे लावायला जाऊ नका, .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाचीच असते, आणि पुढे माझं सगळं गाडं इथेच येऊन थांबलं.

एका दुकानात गेले तर काउंटरवरच्या माणसाने मला .४५-७० च हातात दिली. म्हणाला एकदाच घ्यायची तर मोठी घ्या. मी त्याला सांगितलं की मला कागदावर आणि लोखंडी प्लेटवर नेम मारायचाय, अस्वल मारायचं नाहीये, पण तो ऐकेना. मला राग आला, अजूनही येतो, कारण नवीन माणसाला त्याला काय करायचंय हे न विचारता विकणं चूक आहे. सुदैवाने दादांच्या ओळखीत एकांकडे .४५-७० होती. दादा म्हणाले, "वहिनी, खांद्यात घट्ट ओढून धरा, सैल धराल तर लागेल." घट्टच धरली होती. ४०५ ग्रेनची गोळी म्हणजे सव्वीस ग्रॅम शिसं, ते पुढे जातं तेव्हा तेवढंच मागे पण येणारच की. चार राऊंड मारले, चौथ्याला मी बार निघायच्या आधीच डोळे मिटत होते. हे वाईट लक्षण आहे. एकदा दचकायची सवय लागली की मोडायला महिने जातात, आणि आपला नेम बिघडतोय तो रायफलमुळे असं वाटत राहतं. तेव्हा तिथल्या तिथे थांबले. शिवाय मी बघितलं तेव्हा एका राऊंडला अडीच-तीन डॉलर. वीस राऊंडचं एक खोकं संपायला दहा मिनिटं लागतात, हिशोब तुम्हीच करा.

थर्टी-थर्टीचा धक्का त्या मानाने पुष्कळ बरा, मी अर्धं खोकं आरामात मारलं. ती बाद झाली ती दुसऱ्याच कारणाने. माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर जी इनडोअर रेंज आहे तिथे फक्त पिस्तुलाची कॅलिबर आणि .२२ चालतात. थर्टी-थर्टी मारायची तर आउटडोअर रेंज, जाऊन येऊन दोन तास, आणि टेक्सासच्या जुलै-ऑगस्टात दुपारी तिथे उभं राहणं म्हणजे शिक्षा. मी स्वतःला विचारलं, मी खरंच किती वेळा जाणार? महिन्यातून एकदा, तेही जमलं तर. आणि मला तर दर आठवड्याला मारायचं होतं! तर कॅलिबरचं पुस्तक उघडायच्या आधी तुमच्या जवळच्या रेंजला फोन करा आणि विचारा काय चालतं, गोळीत स्टील नाही ना हे मॅग्नेट लावून बघतात का, नेमासाठी स्टील प्लेट आहेत का आणि किती अंतरावर. हा फोन मी पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता, तो केला चौथ्या महिन्यात.

मग उरले दोन पर्याय, .२२ आणि .३५७ मॅग्नम.

.२२ चा विचार मी अगदी मनापासून केला. आठ-दहा सेंटला एक राऊंड, धक्का जवळजवळ नाहीच, आवाज कमी. हेन्री कंपनीची साधी .२२ लिव्हर ॲक्शन इथे घराघरात असते, पंधरा राऊंड बसतात, आणि पहिलीच रायफल घेणाऱ्या कुणालाही मी डोळे झाकून तीच सांगेन. पण दादांच्या .३५७ ने मी .३८ स्पेशल मारले आणि माझा निर्णय झाला. .३५७ मॅग्नम १९३५ चं काडतूस, ते .३८ स्पेशलचीच केस थोडी लांब करून बनवलेलं, त्यामुळे .३५७ च्या रायफलीत .३८ पण चालतं. उलटं चालत नाही, हे लक्षात ठेवा. म्हणजे एकाच रायफलीत दोन स्वभाव. सात पौंडांच्या रायफलीतून .३८ मारलं तर धक्का म्हणजे कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा इतपतच. आणि मॅग्नम घातलं तर तीच १५८ ग्रेनची गोळी रिव्हॉल्व्हरपेक्षा सेकंदाला चारशे-पाचशे फूट जास्त वेगाने निघते, कारण लांब नळीत दारूला जळायला पुरेशी जागा मिळते. शंभर यार्डांपर्यंत मला अजून काय हवंय. इनडोअर रेंजवर चालतं, कधी काउबॉय ॲक्शनच्या स्पर्धेत उतरावंसं वाटलं तर तिथेही पिस्तुलाच्या कॅलिबरचीच लिव्हर रायफल लागते.

आता रायफल कुठली. मी पाच फूट एक इंच. दस्ता लांब असला की मान पुढे काढावी लागते आणि गाल नीट टेकत नाही, म्हणून ब्रँडच्या आधी मी प्रत्येक रायफल खांद्याला लावून डोळे मिटून परत उघडायचे, साइट (नेम धरायची खूण) समोर दिसली तर ठीक. हेन्रीची सोनेरी पितळी बिग बॉय दिसायला इतकी देखणी की हातातून खाली ठेववत नव्हती, पण ती साडेआठ पौंडांच्या वर, उभं राहून दहाव्या राऊंडला माझा डावा हात थरथरायला लागला. ब्राझीलची रॉसी आर९२ अगदी हलकी, पण हलक्या रायफलीत मॅग्नमचा धक्का जास्त जाणवतो. विंचेस्टरचं १८७३ मॉडेल आता जपानमध्ये मिरोकूकडे बनतं, काम अप्रतिम, किंमत माझ्या बजेटबाहेर. मार्लिन २०२० मध्ये रुगरने विकत घेतली, त्यांची १८९४ मला फार आवडली होती, पण तेव्हा .३५७ मध्ये कुठे मिळतच नव्हती.

शेवटी हेन्रीचीच स्टीलची, साइड गेटवाली घेतली, आणि कारण होतं रिकामं करणं. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. जुन्या पद्धतीच्या लिव्हर रायफलीत काडतुसं बाजूच्या गेटमधून आत ढकलायची, पण बाहेर काढायची तर लिव्हर मारत मारत एकेक चेंबरमधून न्यावं लागतं. म्हणजे दहा जिवंत राऊंड, दहा वेळा चेंबरमध्ये. अनुभवी माणूस करतो, नळी समोर ठेवून, बोट ट्रिगरबाहेर ठेवून. मला मात्र घरात बारा वर्षांचा मुलगा असताना ते नको होतं. या रायफलीत गेट तर आहेच, शिवाय नळीखालच्या मॅगझीनची आतली पितळी ट्यूब पुढून फिरवून ओढून काढता येते, रायफल जरा तिरकी केली की काडतुसं घरंगळत हातात येतात. मग लिव्हर उघडून चेंबरमध्ये करंगळी घालून बघायचं. बघितलं, परत एकदा बघितलं, मग रायफल तिच्या पेटीत. आणि ट्यूब मॅगझीनमध्ये टोकदार गोळ्या भरायच्या नाहीत, कारण तिथे काडतुसं एकामागे एक असतात आणि मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) टेकतं, धक्क्याने ते आतच उडू शकतं. चपट्या नाकाच्याच घ्यायच्या, किंवा मऊ पॉलिमरच्या टोकाच्या, ज्या मुद्दाम यासाठी बनवलेल्या असतात.

खरेदीच्या दिवशी फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक घेणाऱ्याचा फेडरल फॉर्म, भरायचा असतो. दोन गोष्टी ग्रीन कार्डवाल्यांनी जिवापाड जपा. एक, नागरिकत्वाच्या रकान्यात भारतच लिहायचं, घाईत अमेरिकेवर खूण केली तर ते नागरिकत्वाचा खोटा दावा धरलं जाऊ शकतं आणि मग इमिग्रेशनमध्ये जन्मभराचा त्रास. कार्डावरचा यूएससीआयएस (इमिग्रेशन खात्याचा) नंबर पण लागतो. दुसरं म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता सध्याचाच पाहिजे. आम्ही घर बदललेलं आणि माझ्या लायसन्सवर जुना पत्ता, त्यामुळे पहिल्या दिवशी हात हलवत परत आले, दुसऱ्या दिवशी नवीन पत्ता असलेलं गाडीचं रजिस्ट्रेशन सोबत नेलं तेव्हा चाललं. कुणासाठी म्हणून घेताय का, हाही प्रश्न असतो, आणि दुसऱ्याच्या पैशाने त्याच्यासाठी आपल्या नावावर घेणं हा गुन्हा आहे, मित्र कितीही जवळचा असला तरी.

मग एफबीआयच्या सिस्टिमवर आपल्या रेकॉर्डचा चेक. उत्तर आलं डिलेड. माझ्या पोटात गोळाच आला, आयुष्यात कधी साधं चलान नाही, आणि दुकानात चार लोकांसमोर नाव घेऊन सांगितलं. रात्री झोप लागली नाही. पण डिलेड म्हणजे नकार नव्हे, रेकॉर्ड हाताने तपासतायत एवढंच, आपल्यासारख्या बाहेर जन्मलेल्यांच्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून फोन आला, प्रोसीड, म्हणजे मंजूर.

पहिल्या दिवशी रेंजवर मी स्वस्त मिळाले म्हणून वॉडकटर घेऊन गेले होते, म्हणजे ज्यात गोळी केसच्या तोंडाबरोबर सपाट असते ती, रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेली. दुसरंच काडतूस आत जाताना तिरकं अडकलं. नाकच नाही तर ते चेंबरचं तोंड शोधणार कसं! १५८ ग्रेनच्या चपट्या नाकाच्या घातल्या आणि सगळं लोण्यासारखं चालायला लागलं. .३८ भरपूर मारले की चेंबरमध्ये पुढे काजळीचं कडं धरतं, मॅग्नम घालायच्या आधी ब्रश फिरवून ते काढावं लागतं. लिव्हर जोरात मारल्याने बोटांच्या मागच्या बाजूला काळंनिळं झालं होतं, तर नवऱ्याने तिला चामड्याची पट्टी शिवून दिली, आता काही नाही. आणि चाळिशीनंतर मागची साइट धुरकट दिसते, त्यावर उपाय म्हणजे पीप साइट, बारीक भोकातून बघायचं, डोळा आपोआप मधोमध धरतो. हा बदल मी सगळ्यात उशिरा केला आणि ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पसारा) निम्मा झाला त्यानेच.

घरी स्टीलची सेफ, रायफल त्यात, गोळ्या वेगळ्या खोलीत कुलपात. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, पण मी ते कायद्यासाठी करत नाही. आईला कोल्हापूरला फोनवर सांगितलं तर ती आधी गप्प झाली, मग म्हणाली खंडेनवमीला पूजेत ठेव. ठेवली. लिव्हर उघडी, चेंबर रिकामं, शेजारी नवऱ्याचे पाने आणि माझा लॅपटॉप, तिन्हींना हळदकुंकू आणि झेंडू. आईला व्हिडिओवर दाखवली तेव्हा तिने विचारलं, "हिला पट्टी कुणी शिवली गं? टाका छान घातलाय."

आता दर गुरुवारी संध्याकाळी पन्नास राऊंड .३८ चे, पंचवीस यार्डांवर, उभं राहून. थंडीत आउटडोअरला जाते तेव्हा मॅग्नमचं एखादं खोकं, शंभर यार्डांवरच्या प्लेटला लागलं की क्षणभराने ठण्ण असा आवाज येतो, त्या क्षणभरात मी अजूनही श्वास रोखून असते. रिकाम्या केस वेचून श्रीखंडाच्या डब्यात साठवते, दादा त्या रीलोड करतात, या महिन्याचा डबा भरत आलाय.