थंडीआधी ट्रेलरमधलं पाणी काढताना

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांकडे ऑक्टोबर अर्धा सरला की ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) एकदा उभा केला तो थेट एप्रिलपर्यंत. लोक टायरची आणि कव्हरची काळजी वाहतात, पण खिसा कापतं ते पाणी. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. टाकीच्या तळाशी राहिलेल्या पाण्याला वर फुगायला जागा असते. फुटतात ते चिमूटभर पाणी अडकलेले बारके भाग: पंपाअलीकडची जाळीची वाटी, बाहेरच्या शॉवरचा नळ, टॉयलेटचा व्हॉल्व्ह.

डम्प स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, आधी ब्लॅक (टॉयलेटची) टाकी सोडा, मग ग्रे (सिंक-शॉवरची), म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. वॉटर हीटरचा गॅस आणि वीज दोन्ही बंद करून तो पूर्ण थंड होऊ द्या, प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची दांडी उचलून दाब सोडा आणि मगच खालचं बूच काढा. घाई केली तर उकळतं पाणी अंगावर येतं. सबर्बन कंपनीच्या हीटरमध्ये या बुचालाच अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी धातूची कांडी) असतो, त्याला १ १/१६ इंची सॉकेट लागतं. रॉड तीन चतुर्थांश झिजला असेल तर नवा घाला. पिण्याच्या पाण्याची टाकी सोडा, गाडीखालचे लाल-निळे लो पॉइंट (गरम-थंड नळ्यांचं पाणी सोडायची सर्वांत खालची तोंडं) उघडा आणि आतले सगळे नळही उघडे ठेवा, नाहीतर हवा आत न शिरल्याने पाणी नळीतच लटकून राहतं.

आता हीटर बायपासवर टाका, म्हणजे पाइपातलं काही हीटरमध्ये न जाता बाजूने पुढे जाईल. हे विसरलात तर ६ गॅलन अँटीफ्रीझ (सहज न गोठणारा द्रव) नुसतं हीटर भरण्यात जातं.

कॉम्प्रेसरने हवा मारली की काम झालं, असं मानणारे बरेच आहेत. दाब ३० ते ४० पीएसआयच ठेवा आणि एका वेळी एकच नळ उघडा. पण नळीला झोल असेल तर हवा वरून निघून जाते आणि पाणी खालीच बसतं. एवढ्या थंडीच्या प्रदेशात हवेनंतर गुलाबी अँटीफ्रीझ घालावंच. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, आरव्हीसाठीचंच (अशा फिरत्या घरांसाठीचंच) हवं. मोटारीचं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते पिण्याच्या नळीत नको. बाटलीवरचा उणे ५० अंश फॅरनहाइट हा आकडा नळी न फुटण्याचा आहे. द्रव त्याच्या कितीतरी आधीच लापशीसारखा घट्ट होतो. शिवाय उरलेलं पाणी मिसळलं की तो पातळ होऊन संरक्षण घटतं, म्हणून नळातून गडद गुलाबी येईपर्यंत ते सोडत राहा.

पंपाच्या विंटरायझिंग नळीचं (अँटीफ्रीझ ओढून घ्यायच्या नळीचं) टोक अँटीफ्रीझच्या कॅनमध्ये बुडवा, फिल्टरचं काडतूस काढून ठेवा आणि पंप चालू करा. प्रत्येक ठिकाणी आधी थंड, मग गरम नळ. टॉयलेट, त्याचा फवारा आणि बाहेरचा शॉवर हमखास राहून जातात. मध्यम ट्रेलरला २ ते ३ गॅलन पुरतं. प्रत्येक सिंकच्या आणि शॉवरच्या पी-ट्रॅपमध्ये (खालच्या, पाणी साचून राहणाऱ्या वाकड्या पाइपात) कपभर अँटीफ्रीझ ओता. शेवटी पंप बंद करून दाब उतरवा, सिटी वॉटरच्या (बाहेरच्या नळाचा पाइप जोडायच्या) तोंडावरची जाळी काढा आणि आतला चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) अलगद दाबा. तिथूनही गुलाबी थेंब आले पाहिजेत.

बॅटरीचं गणित सोपं आहे: पूर्ण भरलेली लेड-अ‍ॅसिड इथल्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेली उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपासच गोठू शकते. काही गाड्यांत डिस्कनेक्ट स्विच बंद केला तरी गॅस डिटेक्टर वीज खात राहतो, म्हणून निगेटिव्ह वायरच काढा. लिथियम बॅटरी अर्धी भरलेली, शक्यतो घरात ठेवा. शून्याखाली ती चार्ज करायची नाही.

उंदीर शिरू नयेत म्हणून ट्रेलरच्या तळातून आत येणाऱ्या पाइप-वायरींभोवतीच्या फटींत स्टील वूल कोंबा. नुसता फोम ते कुरतडतात. फ्रिजचं दार उघडं ठेवा. निळी ताडपत्री टाळा. ती वाऱ्याने घासून रंग खरवडते आणि आत ओल कोंडते. हवा खेळती ठेवणारं कव्हरच घ्या, पण त्याआधी छतावरच्या व्हेंटभोवतीचं सीलंट तडकलंय का ते पाहा.

हीटरच्या ब्रेकरवर आजच चिकटपट्टी लावून ‘टाकी रिकामी’ लिहून ठेवा. एप्रिलमध्ये बायपास काढून टाकी भरायच्या आधी कोणी तो चालू केला, तर कोरडं एलिमेंट लगेच जळतं.