तिवरांची मुळं, ओल्या भिंती आणि मोझॅक लादी: माझे ब्रश घ्या

डिजिटल चित्रांसाठी मी आजवर स्वतःपुरते ब्रश आणि पॅटर्न बनवत आले. आता ते साफसूफ करून, नीट नावं देऊन एकत्र बांधले आहेत आणि ज्याला हवेत त्याला देते आहे. पैसे नकोत, माझं नाव छापायची अट नाही, विकायच्या पुस्तकात वापरलेत तरी आनंदच आहे. त्यांत काय आहे, ते कसं बनलं आणि तुम्हाला तुमचे स्वतःचे कसे बनवता येतील, ते सगळं इथे लिहिते.

मी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते आणि राहते ऐरोलीला. गोष्टी बहुतेक आपल्याकडच्याच असतात: सोसायटीच्या आवारात, खाडीकाठी, भाजीबाजारात घडणाऱ्या. इंटरनेटवर मिळणारे ब्रश कितीही चांगले असले तरी ते दुसऱ्या हवेतले असतात. भिंतीचा ब्रश घ्यावा तर कोरड्या लाल विटा येतात. झाडांचा घ्यावा तर सूचिपर्णी जंगल उभं राहतं. आमच्याकडे जुलैत इमारतीची पश्चिमेकडची भिंत कशी दिसते ते आठवून पाहा. छज्ज्याच्या दोन्ही टोकांपासून खाली उतरलेले काळे ओघळ, ड्रेनेजच्या पाइपामागे हिरवं शेवाळ, आणि गेल्या उन्हाळ्यात तडे बुजवताना फासलेल्या पुट्टीच्या वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा. ठाणे, कळवा, कोपरखैरणे, नेरुळ, कुठेही जा, या रेघा दिसतातच. ती भिंत पाहिली की इथल्या मुलाला आपलं घर ओळखू येतं. मला ते ओळखू येणं फार महत्त्वाचं वाटतं.

संचातला माझा सगळ्यात लाडका ब्रश तिवरांच्या मुळांचा आहे. ठाणे खाडीच्या पश्चिम किनाऱ्याला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. रोहित पक्ष्यांची चित्रं त्यामुळे पुष्कळ निघतात, पण त्यांच्या मागचा चिखल मात्र नुसता तपकिरी पट्टा असतो. ओहोटीच्या वेळी खाडीकाठी उभं राहिलं की तिवरांच्या बुंध्याभोवती पेन्सिली रोवल्यासारखी मुळं वर आलेली दिसतात. खाजणातल्या चिखलात मुळांना प्राणवायू मिळत नाही, म्हणून तिवर आपली मुळं हवेत वर काढतो. ही सगळी बारीक मुळं चिखलाखाली आडव्या पसरलेल्या लांब मुळांवर उगवलेली असतात, त्यामुळे ती साधारण ओळींत दिसतात, बुंध्यापासून बाहेर जाणाऱ्या ओळींत. हे एकदा लक्षात आलं की ब्रश कसा हवा ते आपोआप ठरतं.

फवाऱ्यासारखा विखुरणारा ब्रश इथे चालत नाही. त्याने मुळं कशीही सांडतात आणि चिखलात खिळे फेकल्यासारखं दिसतं. मी वेगवेगळ्या मुळांची शाईने रेखाटनं केली: काही बारीक, काही जाड, काही टोकाशी थोडी वाकलेली, एक-दोन चिखलाने माखलेली. ती सगळी एका फाइलमध्ये ओळीने लावून जीआयएच प्रकारचा ब्रश केला. गिंप आणि क्रिता या चित्रं काढायच्या दोन्ही मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा चालतो. या प्रकारात एका ब्रशमध्ये अनेक ठसे राहतात आणि दर वेळी त्यांतला एक आपोआप निवडला जातो. निवड रँडम ठेवली. फिरणं म्हणजे रोटेशन जवळजवळ बंद ठेवलं, कारण ही मुळं सरळ वर बघतात. थोडासाच कल दिला आहे. आकार पेनच्या दाबावर ठेवला. आता बुंध्यापाशी दाबून सुरुवात करा आणि हात हलका करत बाहेर ओढा, ओळ खरी वाटते. एका झाडाला अशा सात-आठ ओळी पुरतात. मधली जागा मोकळी सोडा, भरतीचं पाणी तिथूनच आत येतं.

ओल्या भिंतीसाठी एकाच्या जागी तीन ब्रश आहेत: ओघळ, शेवाळ आणि पुट्टीची रेघ. ओघळाचं टोक, म्हणजे ब्रश जो ठसा उमटवतो तो आकार, उभं आणि वर गडद, खाली विरत जाणारं आहे. ते नेहमी वरून खाली ओढायचं, आडवं ओढलंत तर केसांच्या बटा दिसतील. शेवाळ मात्र कागदावर बनलं. दुधाची रिकामी पिशवी चुरगळली, पोस्टर कलरमध्ये बुडवली आणि कार्ट्रिज पेपरवर ठसे उठवले. पिशवीच्या घड्यांमुळे जे तुटक काठ मिळतात ते संगणकावर काढून मिळत नाहीत. फोटोवरूनही प्रयोग केले, पण फोटोत भिंतीचा रंग, ऊन आणि सावली सगळं चिकटून येतं आणि ब्रशला लागतो नुसता आकार.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण घरी ब्रश बनवणाऱ्या प्रत्येकाला ती अडते. ठसा 600 डीपीआयला स्कॅन करून ग्रेस्केल केला की कागद डोळ्यांना पांढरा दिसतो, पण तो पूर्ण पांढरा नसतो, किंचित राखाडी असतो. ब्रशच्या टोकात काळं असेल तिथे रंग पडतो, पांढरं असेल तिथे पडत नाही, आणि मधल्या राखाडीत थोडा थोडा पडतो. त्यामुळे तो राखाडी कागदही रंग सोडतो आणि प्रत्येक ठशाभोवती फिकट चौकोन उमटतो. एका ठशात तो कळत नाही, पण लांब फटकाऱ्यात अनेक चौकोन एकावर एक बसून मळकट पट्टा तयार होतो. उपाय सोपा आहे. गडद-उजळपणा बदलणारं लेव्हल्स उघडा, पांढऱ्या टोकाचा त्रिकोण आत सरकवा, कागद 255 वर, म्हणजे पूर्ण पांढऱ्यावर, पोहोचेपर्यंत. काळ्या टोकाचाही थोडा सरकवा. मग ठशाच्या चारही कडांना पांढरी मोकळी जागा आहे ना ते तपासा. काठाला ठसा कापला गेला असेल तर फटकाऱ्यात सरळ रेघ दिसते. टोक फार मोठं करू नका. माझी बहुतेक 300 ते 500 पिक्सेलांची आहेत. दोन हजारांचं टोक आणि अगदी कमी स्पेसिंग (दोन ठशांमधलं अंतर) ठेवलं की साधा लॅपटॉप हातामागे रेंगाळतो, आणि हे ब्रश कॉलेजच्या मुलांच्या साध्या लॅपटॉपवर चालावेत असं मला मनापासून वाटतं.

आयपॅडवरचं प्रोक्रिएट वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: तिथे उलटं असतं, पांढरं रंग सोडतं आणि काळं रिकामं राहतं. पीएनजी टोक आत घेतल्यावर ते इन्व्हर्ट करा.

आता पॅटर्न, म्हणजे परत परत पसरवून जागा भरायचा चौकोनी तुकडा. मोझॅक लादी, गोणपाट आणि निळी ताडपत्री असे तीन मुख्य आहेत. मोझॅक लादी म्हणजे जुन्या सिडको घरांत असते ती, सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा बसवून घासलेली. आता नूतनीकरणात ती उखडून वर व्हिट्रिफाइड टाइल बसतात, पण ज्यांचं बालपण वाशी-नेरुळच्या त्या घरांत गेलं त्यांना तिचा गारवा पायांच्या तळव्यांना आठवत असेल. आमच्याच इमारतीत एका शेजारच्या काकूंकडे ती अजून शाबूत आहे. त्यांनी फर्निचर बाजूला सरकवून मला फोटो काढू दिले आणि वर चहाही दिला. फोटो काढायला पावसाळ्यातला ढगाळ दिवस सर्वांत चांगला. उजेड सगळीकडून सारखा येतो, सावली पडत नाही, फ्लॅशची चकाकी येत नाही.

फोटो पॅटर्न म्हणून वापरायचा तर चारही कडा जुळल्या पाहिजेत. गिंपमध्ये ऑफसेट करून चित्र अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवा, म्हणजे कडा मध्यभागी येतात आणि सांधा डोळ्यांसमोर दिसतो. तो क्लोन किंवा हील टूलने बुजवा. क्रितामध्ये डब्ल्यू दाबून रॅप-अराउंड मोड चालू केला की तोच तुकडा चहूकडे पसरलेला दिसतो आणि एका ठिकाणी रंगवलं की सगळीकडे रंगतं. सांधा बुजवायला मला हे जास्त आवडतं. सांधा गेला तरी काम संपत नाही. लादीत एखादी मोठी लालसर चिप असेल तर पॅटर्न पसरल्यावर ती ठरावीक अंतराने परत परत दिसते आणि डोळा तिथेच अडकतो. अशा सगळ्या उठावदार चिपा मी शोधून मंद केल्या. फोटोची एक बाजू किंचित उजळ असेल तर पसरलेल्या पॅटर्नमध्ये पट्टे दिसतात, त्यासाठी असा असमान उजेड काढून टाकणारा हाय पास फिल्टर वापरला.

गोणपाटाने सर्वांत जास्त वेळ घेतला. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका व्यापाऱ्यांनी बटाट्याची रिकामी गोणी अशीच दिली. विणलेल्या कापडात सांधा बुजवता येत नाही, धागे मोजूनच कापावं लागतं. ताणा आणि बाणा दोन्ही पूर्ण संख्येत आले पाहिजेत, नाहीतर दोन जाड धागे शेजारी येतात. गोणी आधी धुऊन, पाण्याचा हात मारून इस्त्री केली, मग जाड पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून बसवली, तेव्हा कुठे धागे सरळ आले. इतकी मेहनत का, असं वाटेल. पण हा पॅटर्न क्रितात ब्रशच्या टेक्स्चरमध्ये घातला की रंग फक्त धाग्यांच्या माथ्यावर लागतो आणि खाचा मोकळ्या राहतात. कॅनव्हासवर कोरडा ब्रश ओढल्यासारखा परिणाम मिळतो, आणि तो परिणाम आपल्या बाजारातल्या गोणीतून आलेला असतो. ताडपत्री सोपी होती, तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

वारली आकृत्यांचे ब्रश कर, असं मला पुष्कळांनी सुचवलं. ते मी केलेले नाहीत आणि करणारही नाही. दोन त्रिकोणांची माणसं, तारपा वाजवणारा, फेर धरलेल्या बायका हे सगळं एका टिचकीसरशी कागदावर उमटवायला तांत्रिकदृष्ट्या काहीच कठीण नाही. पण ती एका समाजाची कला आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिचे पाडे आमच्यापासून लांब नाहीत, ठाण्याच्या येऊरच्या डोंगरातही आहेत. बांबूची काडी तांदळाच्या पिठात बुडवून माणूस रेघ ओढतो, त्या प्रत्येक रेघेत त्याचा निर्णय असतो. त्याचा शिक्का करून फुकट वाटणं माझ्या अधिकारातलं नाही. मात्र सारवून गेरू फासलेल्या भिंतीचा पॅटर्न आणि पिठाच्या रेघेसारखा किंचित तुटक काठाचा ब्रश संचात आहे. त्याने तुमच्या मनातलं काय ते काढा.

परवान्याबद्दल. सगळा संच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-झिरोखाली आहे, म्हणजे माझे सगळे हक्क मी सोडले आहेत. सीसी-बाय ठेवलं असतं तर नाव देण्याची अट आली असती, आणि मग वापरणाऱ्याला प्रश्न पडतो की प्रत्येक चित्राखाली ब्रश बनवणारीचं नाव लिहायचं का. साध्या टोकाच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, पण तिवराच्या मुळासारखा ओळखू येणारा ठसा जसाच्या तसा चित्रात उतरतो, तिथे येतो. चित्रकाराच्या डोक्यात ही शंकाच नको. याच कारणाने संचातलं प्रत्येक टोक माझ्या हाताने काढलेलं किंवा मी स्वतः काढलेल्या फोटोवरून केलेलं आहे. इंटरनेटवर शोधून उचललेल्या फोटोवरून बनवलेला ब्रश फुकट वाटला तरी तो वाटणाऱ्याचा नसतो. दुकानात दिसलेल्या साडीचा नवा बुट्टाही मी म्हणूनच घेतला नाही.

आणि फुकट म्हणजे नुसती तयार फाइल देऊन मोकळं होणं मला पटत नाही. फ्रान्सचे चित्रकार डेव्हिड रेव्हॉय अनेक वर्षं आपले क्रिताचे ब्रश मोफत देत आले आहेत. ते उघडून, एक एक सेटिंग बदलून बघतच मी हे शिकले. प्रिसेटची (सेटिंग्ज लावून जतन केलेल्या ब्रशची) केपीपी फाइल ही खरं तर एक पीएनजी चित्र असते आणि सेटिंग्ज तिच्या आतच लिहिलेली असतात. बंडल, म्हणजे हे सगळं एकत्र बांधलेली क्रिताची फाइल, ही झिप फाइल असते. म्हणजे कुणालाही उघडून पाहता येतं, काही लपलेलं नसतं. मी संचासोबत एक वेगळं फोल्डर दिलं आहे, त्यात मूळ स्कॅन आणि लेव्हल्स करण्याआधीचे फोटो आहेत. माझं शेवाळ तुम्हाला फार दाट वाटलं तर मूळ ठशापासून तुमचं बनवा.

बसवणं सोपं आहे. क्रितात सेटिंग्जमधलं मॅनेज रिसोर्स लायब्ररीज उघडून बंडल इम्पोर्ट करा, टोकं, पॅटर्न आणि प्रिसेट एकदम येतात. बंडल क्रिता 5 वर बनवलेलं आहे, त्यामुळे आवृत्ती जुनी असेल तर आधी नवी घ्या. तीही मोफतच आहे. गिंपमध्ये ब्रश ब्रशच्या फोल्डरमध्ये टाकून यादी रिफ्रेश करा. पॅटर्नचे पीएनजी पॅटर्नच्या फोल्डरमध्ये तसेच चालतात. फोटोशॉपसाठी त्याची वेगळी ब्रश फाइल (एबीआर) केलेली नाही. पीएनजी उघडा आणि डिफाइन ब्रश प्रिसेट किंवा डिफाइन पॅटर्न करा. दाब आणि फिरण्याची सेटिंग्ज मात्र तुम्हाला स्वतः लावावी लागतील.

पुढच्या संचासाठी मला जांभ्याचा चिरा हवा आहे, आणि तो कोकणातल्या कुणीतरी दिलेला हवा. तिथल्या गडग्यावर पावसात उगवतं ते नेचं आणि शेवाळ आमच्याकडच्या भिंतीवर येत नाही. विदर्भातल्या कुणाला उन्हाने तडकलेली काळी जमीन जमली तर तीही. फोटो सरळ समोरून, ढगाळ उजेडात काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलेला एक वेगळा फोटोही द्या म्हणजे माप कळेल, आणि तो सीसी-झिरोमध्ये द्यायला तुमची हरकत नाही हे स्पष्ट लिहा.