तुम्ही विचारलंत म्हणून: ती कॅमेऱ्याची मोठी लेन्स नेमकी कोणाची?

तलावाच्या पाळीवर, लग्नात, अगदी दुकानात मोटर टाकायला आलेले लोकसुद्धा एकच विचारतात, "काजी भाऊ, ते तोफेवानी लेन्स हाये कोणाची?" कारण एका महिन्यात ती माझ्या खांद्यावर दिसते, पुढच्या महिन्यात ताईंच्या, मग स्टुडिओवाल्या भाऊंच्या. मी म्हणतो चौघांची. लोकांना पटत नाही, चौघांची विहीर असू शकते, लेन्स कशी असेल? म्हणून आज नीट बसून लिहितो.

आम्ही साकोलीकडचे, भंडारा जिल्हा. मी मोटर वाइंडिंगवाला. एक स्टुडिओवाले भाऊ, लग्नाचे फोटो हा त्यांचा धंदा, पण पक्ष्यांचे फोटो फक्त हौसेनं. एक उपकेंद्रातल्या नर्सताई. आणि गुरुजी, रिटायर, मला चौथीत शिकवलेले, आजही मला अरे-तुरेच करतात आणि मला ते बरं वाटतं.

2019 ला नागपूरहून दूरचा पक्षी जवळ आणून दाखवणारी एक 150-600 एमएमची लेन्स सेकंडहँड मिळत होती, 48 हजाराला. एकट्याच्यानं शक्य नव्हतं, मग चौघांनी बारा-बारा टाकायचं ठरलं. आता अडचण अशी की आम्हा तिघांचे कॅमेरे कॅनन आणि गुरुजींचा निकॉन, आणि कॅननच्या माउंटची, म्हणजे कॅननच्या खाचेत बसणारी, लेन्स निकॉनला बसतच नाही. भाऊंनी स्पष्ट सांगितलं, "गुरुजी, तुमच्या कॅमेऱ्याले हे लागत नाही, तुम्ही पैसे टाकू नका." गुरुजींनी पेन्शनच्या पासबुकात ठेवलेल्या नोटा काढून माझ्या वाइंडिंगच्या टेबलावर ठेवल्या, तांब्याच्या तारेच्या बाजूला, आणि म्हणाले, "मले मालूम हाये. मी तुमच्या कॅमेऱ्यातून पाहीन." बस. त्यावर कोणी काही बोललं नाही.

तर अशी ती चौघांची. पण खरं सांगायचं तर तिच्या निमित्तानं बाकी सगळंच चौघांचं होत गेलं. हिरव्यागार धानात पांढरा बगळा उभा असला की कॅमेरा फसतो, अख्खी फ्रेम अंधारी समजून उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं पार धुऊन निघतात, तिथं एक्सपोजर मायनसमध्ये न्यायचं, म्हणजे उजेड कमी घ्यायचा, हे मला गुरुजींनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून शिकवलं. पाढे शिकवायचे तसंच, चुकलं की परत. ताई झाडीपट्टीच्या नाटकांचे फोटो काढतात, धान निघालं की आमच्याकडे रात्र-रात्र नाटकं चालतात, त्या कमी उजेडातही चालणारी 50 एमएमची 1.8 लेन्स लावून पहिल्या रांगेच्या कडेला बसतात. त्यांच्या फोटोत काळे पट्टे येऊन राहिले होते, त्यांना वाटलं कॅमेरा बिघडला. तिथं माझा धंदा कामी आला. आपली लाईन पन्नास हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, मी म्हटलं ताई, शटर सेकंदाच्या एक शतांश किंवा एक पन्नासांश ठेवून पाहा. पट्टे गेले. पहाटे तीनला त्यांचा फोन आला, नाटक सुरूच होतं, मागून पेटीचा आवाज येत होता, आणि ताई नुसत्या हसत होत्या.

आता सारसाचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय लेन्सचं पुरं होत नाही. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः आमच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात, आणि तेही मोजकेच. माणसाएवढा उंच पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, आणि घरटं करतो पावसाळ्यात, बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या, काठी नाही तर भर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात. घरट्याजवळ जायचं नाही आणि जागा कोणाला सांगायची नाही हा आमचा नियम, त्यामुळं कुठली बांधी ते इथंही लिहिणार नाही. त्या दिवशी घरटं नव्हतंच, रोवणी झालेल्या बांधीत जोडी नुसती चरत होती. शेतमालक काकांना विचारून आम्ही दूरच्या धुऱ्यावर पालथे पडलो, तांदळाच्या पिशवीवर लेन्स टेकवली. दोन किलोची लेन्स हातात धरून तासभर काही होत नाही. लेन्सचा नंबर, म्हणजे पाळी, माझी होती. मी चाळीस मिनिटं डोळा लावून बसलो, मग मान आखडली म्हणून गुरुजींना म्हटलं, तुम्ही पाहा जरा. ते सरकून कॅमेऱ्यामागं आले आणि तेवढ्यात दोघांनी माना वर केल्या, चोची आभाळाकडे, आणि ओरडायला लागले. सारसाची जोडी एकत्र ओरडते, एकाच्या आवाजात दुसऱ्याचा आवाज गुंतलेला असतो. गुरुजींचं बोट थरथरत होतं, मी पाहत होतो, पण त्यांनी बोट उचललं नाही.

फोटो माझ्या कार्डात आला, कॅमेरा माझा, नंबर माझा, पण फोटो गुरुजींचा. ते मानत नाहीत, म्हणतात जागा तू धरली. मोठी प्रिंट काढून शेतमालक काकांना दिली, खाली कोणाचंच नाव नाही. काकांनी ती देवघराच्या बाजूला लावली आहे.

एक वाईट गोष्टही सांगायला पाहिजे. 2021 च्या पावसाळ्यात लेन्स माझ्याकडे होती आणि मी ती गोधडीत गुंडाळून आलमारीत ठेवली, महिनाभर पाहिलीच नाही. काढली तेव्हा आतल्या काचेवर बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. सफाईचा खर्च मी एकटाच देणार होतो पण तिघांनी ऐकलं नाही, ताई म्हणाल्या, "भाऊ, माझ्या घरी राहिली असती तरी गोधडीतच ठेवली असती." तेव्हापासून लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात राहते, आत निळी सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारा छोटा मीटर, काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मधे हवा. जेल गुलाबी झाली की एका जुन्या तव्यावर गरम करून परत निळी करायची, तो तवा स्वैपाकाला वापरायचा नाही. लेन्स ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरी डबा, मीटर आणि तवा तिन्ही जातात.

सध्या ती गुरुजींकडे आहे. हो, त्यांच्या कॅमेऱ्याला बसत नाही, तरी त्यांचा महिना त्यांचाच असतो, आणि त्या महिन्यात आम्ही तिघं आळीपाळीनं आपला कॅमेरा त्यांच्याकडे ठेवून येतो. काल रात्री फोन आला, "जेल गुलाबी दिसून राहिली रे, उद्या सकाळी ये, आणि येताना बॅटरी चार्ज करून आण, नवेगावबांधले जाऊ."