व्याही आले तर कुठं नेता?

अहमदाबादेतल्या ओढवच्या एका शेठजींनी माझ्यासमोर सव्वा तास बसून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही, आणि मी समोर पनीर टिक्का खात होते. ही गोष्ट कुणाला सांगताना अजूनही माझे कान गरम होतात.

आधी माझा धंदा सांगते. फाउंड्रीला, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्याला, साच्यांसाठी लागणारं कोटिंग, स्लीव्ह, रेझिन विकते. ऑफिस कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत, पण महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेर. जिथं भट्ट्या पेटतात ती गावं माझी: हावडा, कोइंबतूर, राजकोट, अहमदाबाद, बेळगाव. दिवसभर शेडमध्ये वाळू आणि धूर, मग संध्याकाळी लॉजवर येऊन डोक्यावरून अंघोळ करायची, कुर्ता बदलायचा आणि दुपारी ज्यांच्याशी रिजेक्शनवरून भांडले त्यांनाच जेवायला न्यायचं. दुपारी ब्लो होलचा, म्हणजे ओतीव मालात वायूनं पडणाऱ्या भोकांचा, सगळा दोष आमच्या कोटिंगवर असतो. रात्री दुसऱ्या चपातीला तोच माणूस हळूच सांगतो की वाळूत जरा ओल होती. म्हणून ही जेवणं लागतात.

तर ते शेठजी. जैन, चातुर्मास चालू, आणि मी त्यांना बोलावलं रात्री साडेआठला. कांदा-लसूण-बटाटा नको एवढं मला ठाऊक होतं, तसं हॉटेलात सांगूनही ठेवलं होतं. स्वतःवर खूश होते. पण त्यांचा चौविहार होता. सूर्य मावळला की अन्न नाही आणि पाणीही नाही. ‘तुम्ही इतक्या लांबून आलात, नाही कसं म्हणू’ म्हणून ते आले, हात जोडून बसले आणि मला म्हणाले, ‘बेन, तमे जमो.’ तुम्ही जेवा. वेटर तीनदा पाणी घेऊन आला. तीनदा त्यांनी ग्लासावर हात ठेवला.

त्या रात्रीपर्यंत माझी पद्धत सगळ्यांसारखीच होती. फोन काढायचा, जवळची हॉटेलं बघायची, साडेचार तारे आणि भरपूर फोटो दिसले की टेबल सांगायचं. यातून हमखास काय मिळतं? गच्चीवरचं हॉटेल, निळे दिवे, आणि स्टूलवर बसून गझल म्हणणारा एक पोरगा. गझलेशी माझं वैर नाही. पण फेटलिंग शॉपमध्ये, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात तिथं, वीस-पंचवीस वर्षं ग्राइंडरच्या आवाजात काढलेल्या माणसाला आधीच कमी ऐकू येतं, त्यात स्पीकर डोक्यावर. पुण्यात एकदा मी क्रेडिट पीरियड पंचेचाळीस दिवस म्हणाले आणि समोरच्यांनी खुशाल मान डोलावली. नंतर कळलं, त्यांनी पंच्याहत्तर ऐकलं होतं.

अक्कल मिळाली ती राजकोटला, वजनकाट्यावर. ट्रक काट्यावर चढायची वाट बघत उभी होते, काट्यावरचे काका चहा पाजत होते. सहज विचारलं, ‘काका, इथं चांगलं हॉटेल कुठलं?’ त्यांनी तीन नावं घेतली, तिन्ही माझ्या फोनमध्ये होती. मग काय सुचलं कोण जाणे, विचारलं, ‘तुमचे व्याही आले तर कुठं नेता?’ काकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, ‘वेवाई? वेवाईची गोष्ट वेगळी.’ आणि पाच मिनिटं विचार करून एक चौथंच नाव सांगितलं. पाटीसुद्धा धड नसलेलं काठियावाडी भोजनालय. बाजरीचा रोटला, रिंगणानो ओळो म्हणजे वांग्याचं भरीत, सेव-टमाटरची भाजी, पांढऱ्या लोण्याचा गोळा, आणि ताक मागायच्या आत ग्लास भरलेला. शांत. वाढणारे वयस्क. संडास स्वच्छ (मी आधी तोच बघते, बाईमाणसाला बघावा लागतो).

व्याह्यांना नेताना माणूस काय-काय बघतो? फार स्वस्त चालत नाही, पण उधळपट्टी दिसलेलीही चालत नाही. त्यांचे पथ्यपाणी, वार, उपास आधी विचारून घेतो. गोंगाट नको, कारण बोलायचं असतं. चव खात्रीची हवी, उगाच प्रयोग नको. आणि जिथं आपल्याला कुणी ओळखतं अशीच जागा निवडतो, म्हणजे वाढपी दोनदा विचारतो. क्लायंटला यापेक्षा वेगळं काय हवं असतं? शिवाय हा प्रश्न सगळीकडे चालतो. गुजरातेत वेवाई, बंगालात बेयाई, कोइंबतूरला संबंधी. शब्द काढला की समोरचा आधी हसतो, मग गंभीर होतो. मात्र प्रश्न मालकाला विचारायचा नाही. स्टोअरकीपर, डिस्पॅचचा क्लार्क, गेटवरचा सिक्युरिटी यांना विचारायचा. मालक पंचतारांकित नाव सांगून मोकळा होतो.

ओढवच्या शेठजींना पुढच्या खेपेला मी दुपारी नेलं. अहमदाबादेत लाल दरवाज्याजवळ, सिदी सैयद मशिदीच्या समोर, मंगलदास गिरधरदास या गिरणीमालकांची १९२४ सालची हवेली आहे. आता तिचं ‘हाउस ऑफ एमजी’ झालंय आणि गच्चीवर ‘अगाशिये’ नावाचं थाळीचं जेवण मिळतं. या वेळी सगळं फोनवर ठरवलं. जैन स्वयंपाकाचं दोनदा विचारलं, मग शेठजींनाही विचारलं. नीट जेवले. पुरणपोळीवर तूप वाढताना वाढप्याला ‘बस’ म्हणायला विसरले. पण खरी मजा नंतर. जेवण झाल्यावर रस्ता ओलांडून आम्ही समोर गेलो. मशिदीची ती दगडी जाळी, एका झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, १५७३ च्या सुमाराची. शेठजी सत्तर वर्षं अहमदाबादेत राहतात, जाळी हजारदा पाहिलेली. तरी उन्हात थांबले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, ‘बेन, याचा पॅटर्न बनवायचा म्हटला तर कोअर किती लागतील?’ कोअर म्हणजे ओतताना पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात ते वाळूचे गाभे. आम्ही दोघं तिथं उभं राहून कोअर मोजत बसलो. शेवटी त्यांनी जाहीर केलं की कास्टिंगमध्ये हे होणार नाही, झालं तरी फेटलिंगवाला पळून जाईल.

विशालाची गोष्ट याच गावातली, आणि चूक पुन्हा माझीच. अहमदाबादच्या वेशीवर सुरेंद्र पटेल यांनी १९७८ मध्ये वसवलेलं ते खेड्यासारखं उपाहारगृह. कंदिलाचा उजेड, पत्रावळ, बसायला जमीन आणि पुढ्यात ठेंगणं टेबल. माझे पाहुणे तिथल्याच वटवा भागातले, वय अडुसष्ट, आणि गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. ऑपरेशन झालंय हे मला माहीत होतं! त्यांच्या तब्येतीची मीच फोनवर चौकशी केली होती. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यात फरक आहे. बसताना दोन माणसांनी धरलं, उठताना तीन. मी देवाला हाका मारत होते. वाचवलं ते तिथल्याच भांड्यांच्या संग्रहालयानं. ‘विचार’ त्याचं नाव, १९८१ चं. तांब्याची, पितळेची, काशाची हजारो भांडी, घागरी, अडकित्त्यांच्या ओळीच्या ओळी. फाउंड्रीवाल्याला आत सोडा आणि विसरून जा. ठोकून केलेलं कुठलं आणि ओतून केलेलं कुठलं यावर काका एक तास बोलले. मधेच एका लोट्याजवळ थांबून ओतीव भांड्याची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, मला दाखवली. गुडघा विसरले. मी नाही विसरले. तेव्हापासून डायरीत प्रत्येक नावापुढं चार रकाने आहेत: वार, पथ्य, गुडघे, कान.

वार म्हणजे आपल्याकडे काय ते सांगायला नको. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार. कोल्हापुरात एका टेबलावर सहाजण बसले तर चौघांचे चार वार निघतात. पण वाराला आपण सरावलेलो, म्हणून सगळ्या देशाचं पंचांग एकच असं वाटायला लागतं. नवरात्रात हावड्याला गेले होते. माझे नऊ दिवसांचे उपास. तिकडे दुर्गापूजा म्हणजे नवमीला घरोघर मटण. मी साबुदाण्याची चौकशी करत्येय आणि समोरचे दादा, म्हणजे तिथले माझे क्लायंट, काळजीनं विचारतायत, ‘दीदी, तबीयत ठीक है?’

हावड्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथलं जेवण मला सगळ्यात महागात आणि सगळ्यात फायद्यात पडलं. हावडा म्हणजे मॅनहोलची झाकणं. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या झाकणांवर ‘मेड इन इंडिया’ दिसतं, त्यातली बरीच तिथली. पहिल्या खेपेला दादांना मी कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरच्या एका गाजलेल्या हॉटेलात नेलं, डिसेंबरात, शनिवारी. पन्नास मिनिटं फुटपाथवर उभे. दुसऱ्या खेपेला त्यांच्या स्टोअरकीपरला बेयाईचा प्रश्न विचारला आणि त्यानं बालीगंजातलं ‘सिक्स बालीगंज प्लेस’ सांगितलं. जुन्या बंगल्यातलं बंगाली जेवण. पावसाळा होता, म्हणजे इलिश माशाचा हंगाम.

मी घाटावरची. नळी फोडायला मला शिकवायला नको, पण इलिशचे काटे हे प्रकरण निराळं. केसासारखे, दुहेरी, कुठून निघतील सांगता येत नाही. दादांनी आधी शुक्तो खायला लावलं. कडू आधी, मग डाळ, मग मासा, शेवटी चटणी आणि मिष्टी दोई. सगळं एकदम ताटात घेऊन कालवायची आपली सवय तिथं चालत नाही. एकेक पदार्थ, एकेक वेळी. मग मासा आल्यावर त्यांनी बोटांनी काटा कसा चाचपायचा ते दाखवलं. चमचा बाजूला ठेवायला लावला. मी चुकत होते, ते हसत होते. एका माशाला पाऊण तास. आणि त्या पाऊण तासात, काट्याकडं बघत-बघत, त्यांनी तीन महिने अडकलेल्या पेमेंटचं खरं कारण सांगितलं: धाकट्या भावाशी वाटणी चालू होती, सही कुणी करायची हेच ठरत नव्हतं. समोरासमोर डोळ्यांत बघून हे कुणी सांगत नाही. मासा निवडताना सांगता येतं. बोनलेस मागवलं असतं तर अकाउंट्सनं नोटीस पाठवली असती.

कोइंबतूरला डोकं चालवावंच लागत नाही. तिथली माणसं लवकर जेवतात, ‘अन्नपूर्णा’त सांबार पोटभर, वर फिल्टर कॉफी, नऊला सगळे घरी. बेळगाव घरचंच, निघताना कुंदा घ्यायचा.

आता बिल. बाई जेवायला नेते तेव्हा वेटर बिल हटकून पुरुषापुढं ठेवतो. समोरचा माणूस खिशाकडं हात नेतो, मी ओढते, झटापट होते, सॉस सांडतो. म्हणून मी पंधरा मिनिटं आधी जाते, कार्ड काउंटरवर देऊन ठेवते आणि सांगते, बिल टेबलावर आणायचंच नाही. त्याच वेळी सर्व्हिस चार्जचंही बोलून घेते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप लावायचा नाही, पण पाहुण्यांसमोर कलमं काढायला बरं दिसत नाही. आमच्या अकाउंट्सच्या कुलकर्ण्यांचं दुखणं आणखी वेगळं. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी, आणि ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० च्या वर तिथं १८. भरलेल्या कराचं क्रेडिट आम्हाला दोन्हीकडं शून्य. त्यामुळं व्याह्यांचा प्रश्न कुलकर्ण्यांना माझ्यापेक्षा जास्त आवडतो.

जानेवारीत हावड्याचे दादा कोल्हापूरला आले. आता प्रश्न माझ्यावरच उलटला. माझे व्याही आले तर मी कुठं नेईन? घरी. दुसरं काय. पण वार गुरुवार आणि सासूबाईंचा कडक. घरात अंडं नाही. मग आमच्या ओळखीच्या खानावळीत तांबडा-पांढरा, मटणाचं सुकं, भाकरी. दादांनी पांढरा रस्सा चार वाट्या प्यायला आणि तांबड्यापुढं रुमाल काढला. तिथलं बिल मी अर्थात आधीच भागवलं होतं. त्यांनी खिशात हात घातला, खानावळवाल्या मावशी नुसत्या हसल्या. दादा माझ्याकडं बघून म्हणाले, ‘ये आपका पुराना खेल है.’

नंतर गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेलं. म्हशी उभ्या, समोर धार काढायची, फेसासकट ग्लास हातात. दादांना आधी पटेना. गवळी म्हणाला, ‘पाव्हणं कुठलं?’ हावड्याचे, म्हटलं. ‘मग त्यास्नी विचारा, तिकडं म्हशीला काय घालत्यात?’ मी हिंदीत विचारलं. दादांनी मनापासून उत्तर दिलं, सरकी नाही, खोळ म्हणजे पेंड, आणि भाताचा पेंढा. मी ते कोल्हापुरीत सांगितलं. गवळ्यानं पेंढ्यावर नापसंती दाखवली, मी ती जमेल तितकी सौम्य करून हिंदीत सांगितली. दादांच्या मिशीला फेस लागलेला. दोन्हीकडचं भाषांतर करता-करता मी पर्स उघडायला गेले, आणि खांबाला टांगलेला स्पीकर खणखणीत बोलला: साठ रुपये प्राप्त झाले.

दादा फोन खिशात घालत होते.