डावा मोजा

रविवार, रात्री साडेदहा

भाचीने परस्पर बुकिंग केलं नसतं तर आई आलीच नसती. "जनावरांशी खेळायला पैसे?" हे ठाण्याच्या दहा नंबरवर पनवेल गाडी येईपर्यंत तीनदा म्हणून झालं.

नेरुळमधलं फेरेट कॅफे म्हणजे पहिल्या मजल्यावरचे दोन गाळे जोडलेले. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी. बूट बाहेर, हात साबणाने, सर्दी असेल तर घरी. माणसाचा फ्लू फेरेटला होतो म्हणून. दार उघडलं आणि आधी वास आला, ओल्या घोंगडीचा. मग ते चौघं. आईने लगेच सुरू केलं, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" तिथला मुलगा म्हणाला, "काकू, हे मुंगूस नाही. याचं नातं पाणमांजराशी." आईने मान डोलावली आणि शेवटपर्यंत मुंगूसच म्हणत राहिली.

एकाने पाठीची कमान करून आडव्या उड्या मारायला सुरुवात केली. सोफ्यावर आपटला, पुन्हा उडी. तोंडाने कुडुक कुडुक, खुराड्यातल्या कोंबडीसारखं. मला वाटलं चिडला. तर म्हणे खूश झाला की असंच नाचतात. नाचता नाचता माझा डावा मोजा ओढून पसार. फेरेट या नावाच्या मुळाशी लॅटिनमधला चोर आहे, आणि शतकानुशतकं याला सशांच्या बिळात घुसवायलाच पाळलं. सोफ्याखालचा अंधार त्याला बीळच.

दुसरा माझ्या मांडीवर झोपला. मान लुळी, हलवलं तरी काही नाही. माझ्या पोटात गोळा. आईने त्याच्या नाकाशी बोट धरलं. मुलगा हसला, "दिवसाचे १४ ते १८ तास असेच असतात."

एसी मात्र सतत चालू. तिशीच्या वर पारा गेला की त्यांना उष्माघाताची भीती, आणि हा नवी मुंबईचा मे. "लाईट गेली तर?" मी विचारलं. त्याने फ्रीजर उघडून दाखवला: पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या, टॉवेलमध्ये गुंडाळून त्यांच्याजवळ ठेवायला. किती वेळ पुरतात, ते विचारायचं राहिलं.

परत येताना डाव्या बुटात पाय चिकटत होता. आईला काही विचारलं तर नुसतं हूं.

हे मोबाइलच्या उजेडात लिहितेय. दहा मिनिटांपूर्वी लाईट गेली. आई अंधारातून म्हणाली, "नेरुळला आहे का गं, बघ जरा."